भात्याचा हात

सोम., ३० डिसें. येळवस.

अवसेच्या पूजेला अन् जेवणाला घरातली सगळी शेतात. मी एकटा ओट्यावर. पोरगा, संतोष, म्हणाला, "अप्पा, ट्रॅक्टरवर बसवून नेतो." मीच नको म्हणालो. सगळ्या भावकीसमोर डाव्या हातानं भज्जी खायची अन् पोरांनी टकामका बघायचं. कारभारणीनं, मंगलनं, जाताना तांब्याभर आंबील झाकून ठेवली. वर म्हणाली, "तुम्ही रुसा. आंबील रुसत न्हाय." प्यालो सगळी.

डाव्या हातानं (डा.हा.) लिहितोय. ओळी चढाला लागल्यात. व्यायामवाल्या बाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहायच्याच. उजवा हात (उ.हा.) मांडीवर पडलेला. दिवाळीच्या आदल्या दिवशी लकवा मारला तवापासून तसाच. बोलणं आलं, पाय आला. हात न्हाय.

आज सोमवार, म्हणजे संध्याकाळी महादेवाच्या देवळात भजन. चाळीस वर्षं पेटीवर मी. आता मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर म्हणत्यात म्हणं. परत त्या आसनावर बसायचंय. महादेवाकडं दुसरं मागणं न्हाय.

गुरु., २ जाने.

श्वेता शाळेतनं शिकवून आली ती थेट स्टूल घेऊन कपाटाला भिडली. सूनबाई अंगानं काडी, पण जिद्दीची. लग्नात माहेराहून आणलेला कीबोर्ड खाली काढला. सहा वर्षांची धूळ. मंगल शिंकून शिंकून बेजार.

"हे अन् कुणासाठी?"

"मामांसाठी."

मी म्हणालो, "अगं, मला एक हात न्हाय."

"दुसरा हाय की, मामा."

हा कीबोर्ड कपाटावर कुणी ठेवायला लावला? म्याच. पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, ह्या घरात पेटी हाय, हे खेळणं कशाला. तिनं तवाच उचलून वर ठेवला. आज फडकं घेऊन एक एक पट्टी पुसत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनि., ४ जाने.

पहिला धडा. पुस्तक तिच्या लहानपणीचं, सोलापूरच्या शाळेतलं. कडा कुरतडलेल्या, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. शिकाऊ लोकांसाठी सोप्या चिजा, सगळ्या तीनशे वर्षांपूर्वीच्या, तिकडं युरोपातल्या. त्या काळाला बरोक म्हणत्यात. इचारलं, सोप्या म्हणजे बालवाडीच्या का?

"व्हय मामा, बालवाडीच्याच. पण दोन्ही हात गातात."

हे काही डोक्यात शिरलं न्हाय. पेटीवर उजवा वाजवतो, डावा मागचा भाता हलवून हवा भरतो. एक गवई, एक हमाल. दोघं कसे गाणार?

डा.हा. पट्ट्यांवर ठेवला. पाच सूर, सरळ जायचं. तिसऱ्या सुराला हात आपसूक उठला, कीबोर्डच्या मागं गेला अन् भाता मारायला लागला. तिथं भाता कुठला? नुसती हवा! श्वे. तोंडाला ओढणी लावून हसायली. मग मला बी हसू फुटलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

मंगळ., ७ जाने.

परत तेच. दर चार सुरांनी हात मागं. चाळीस वर्षांची खोड, दोन दिवसांत जाती व्हय? श्वे.नं कीबोर्डच्या मागं उशी उभी केली. हात उशीवर आपटतो, भानावर येतो, परत पट्ट्यांवर. मंगल दारातनं बघत होती. "उशीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

मंगळ., १४ जाने. संक्रांत.

तिळगूळ डाव्या हातानं घेतला. कुणी टकामका बघितलं न्हाय. मीच उगीच भीत होतो.

डा.हा.ची करंगळी जागी झाली. एवढ्या वर्षांत तिला कुणी काम सांगितलं न्हवतं.

नवी चीज, तिला मिनुएट म्हणत्यात. श्वे. सूर इंग्रजीत सांगते, मी सा रे ग म करून लिहून घेतो. पांढरी पाचचा सा, निषाद तेवढा काळी तीनवर, बाकी सगळे पांढऱ्यांवर. म्हणजे सरळ बिलावल! अन् मात्रा तीन-तीन. म्हणालो, "पोरी, हा तर दादरा." ती म्हणाली, "न्हाय मामा, हा नाच हाय. राजवाड्यातला." नाचू दे की. दादऱ्यावर काय नाचता येत न्हाय?

रवि., १९ जाने.

काशिनाथ आला. शाळेपासूनचा दोस्त, भजनात तबल्यावर असतो. गुळाचा रिकामा डबा पुढ्यात घेऊन बसला, म्हणाला, "वाजवा. बघू तुमचं इंग्रजी."

मिनुएटची खालची ओळ मी डा.हा.नं, वरची श्वे.नं. सासरा-सून एका बाकावर. का.नं डब्यावर दादरा धरला. छान चाललं होतं. शेवट आला अन् मला राहवलं न्हाय. शेवटचा तुकडा तीनदा घेऊन समेवर आलो. झकास तिहाई! का. डब्यावर थाप मारून ओरडला, "क्या बात है!" श्वे. हसून हसून बाकावरनं पडायची राहिली. "मामा, पुस्तकात असं न्हाय."

का. म्हणाला, "पुस्तकवाला इसरला असंल, पोरी."

जाताना चप्पल घालत घालत मला म्हणाला, "तुझं आसन दर सोमवारी टाकतो बरं का. शेजारच्या वाशीचा एक पेटीवाला येतो म्हणत होता. त्याला म्हणलं, जागा भरलीय."

तो गेल्यावर रडलो. मंगलनं बघून न बघितल्यासारखं केलं. चांगली माणसं दिलीस रे महादेवा.

सोम., २७ जाने.

वाईट दिवस.

दुपारी घरात कुणी न्हाय बघून पेटी काढली. उ.हा. डाव्यानं उचलून पट्ट्यांवर ठेवला. बोटं म्हणजे वाळवणातल्या शेंगा. एकाच वेळी पाच पट्ट्या दाबून हात पडून राहिला. भाता मारला तर पेटी गाढवासारखी ओरडली. झाकून ठेवली.

संध्याकाळी श्वे. पुस्तक घेऊन आली. मी ओरडलो, "तुझी बालवाडी तुझ्यापाशी ठेव. म्हाताऱ्याचं हसू करायला बसलाव सगळी." तिनं पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं, आत गेली. चहा तिनंच आणून दिला. हातात दिला, डाव्या.

बुध., २९ जाने.

दोन दिवस धडा न्हाय. घरात सगळी हळू बोलत्यात. मंगल माझ्याशी फक्त ताटापुरती.

सुनेची माफी कशी मागायची हे मला कुणी शिकवलं न्हाय. माझ्या बापानं तर कुणाचीच मागितली न्हवती. शेवटी स्वतःच कीबोर्ड चालू केला अन् खालची ओळ वाजवायला लागलो. दुसऱ्याच ओळीत चुकलो. परत. परत चुकलो.

स्वयंपाकघरातनं आवाज आला, "तिसरं बोट, मामा."

ती बाहेर आली तवा म्हणालो, "पोरी, हा कपाटावर मीच ठेवायला लावला होता."

"माहितीय."

"राग आला न्हाय?"

"आला होता की. लई आला होता." मग शेजारी बसली. "तिसरं बोट. दुसरं न्हाय."

एवढंच. ह्या पोरीचे पांग कसे फेडू?

रवि., ९ फेब्रु.

नवी चीज: म्युझेट. तिकडं मशकीत हवा भरून वाजवायची पुंगी असते म्हणं, तिची नक्कल. डाव्या हातात एकच सूर धरून ठेवलेला. सा! आपला सा! जर्मनीत असो, कळंबात असो, कुणीतरी सूर धरून बसलेलाच असतो. पहिल्या दमात जमली. श्वे.नं पानावर पेन्सिलीनं चांदणी काढली. तिच्या बाई तिला काढायच्या तशी. चौसष्टाव्या वर्षी मला चांदणी. मंगलला दाखवली, संतोषला दाखवली, दूधवाल्याला दाखवता दाखवता राहिलो.

अजून एक सांगितलं तिनं. त्या काळी पियानो घरोघर न्हवताच. जे वाद्य होतं त्यात पट्टी जोरात दाबा न्हायतर हळू, आवाज तेवढाच. मी म्हणालो, पेटीचं बी तेच. आवाज बोटात नसतो, हवेत असतो. ती बघतच राहिली. चला, आपल्याला बी काहीतरी येतंय.

मिनुएटमधी आता कळायलंय दोन हात कसे गातात ते. वरचा बोलतो, खालचा ऐकून घेतो, मग खालचा बोलतो. चाळीस वर्षं ह्या डाव्याला एकदा बी इचारलं न्हाय, बाबा, तुला काय म्हणायचंय.

गुरु., १३ फेब्रु.

नीट लिहितो.

सहा वाजता मिनुएट घेतला होता. मी खालची ओळ, श्वे. वरची. मधीच तिचा हात थांबला. "मामा, खाली बघू नका. वाजवत राहा."

बघू नका म्हणल्यावर माणूस बघणारच. उ.हा. मांडीवर हलत होता. बोटं मुटकुळं करून पडलेली, पण मनगट पुढं-मागं. पुढं-मागं. दादऱ्याच्या लयीत.

भाता.

डावा गायला लागला तर उजव्यानं भाता धरला! कुणी सांगितलं त्याला? म्या न्हाय सांगितलं.

मंगलला हाक मारली. ती कणकेच्या हातानं आली, बघितलं. तशीच जाऊन देवापुढं साखर ठेवली. तिथनंच ओरडली, "थांबू नका, वाजवा!" पण मी 'हल' म्हणलं की हात थांबतो. वाजवत राहिलो की चालतो. मुलखाचा हट्टी. कुणावर गेलाय ते मंगलनं सांगायची गरज न्हवती, तरी सांगितलं.

शनि., १५ फेब्रु.

कीबोर्ड गाडीत घालून नेला, व्यायामवाल्या बाईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाजवायला लावलं, व्हिडिओ काढला. म्हणाल्या, "मनगट येतंय अप्पा, खांदा येतोय. बोटांचं मात्र मी आत्ता सांगू शकत न्हाय. येतील बी, न येतील बी."

परतीला गाडी संतोष चालवत होता. येरमाळ्याच्या पुढं आल्यावर श्वे. मागनं म्हणाली, "मामा, भाता मारायला बोटं कुठं लागतात?"

संतोषनं गाडी बाजूला घेतली. 

रवि., १६ फेब्रु.

पेटी काढली. ह्या खेपेला उलटं. डावा पट्ट्यांवर, उजवा मागं भात्याला. बोटांची पकड न्हाय म्हणून मंगलनं जुन्या इरकलीचा काठ कापून पट्टी शिवली, तळवा भात्याला बांधला. इरकल तिच्या लग्नातली. म्हणालो, कशाला कापलीस. "नेसून कुठं मिरवायचीय आता? बांधू द्या."

सूर निघाला. दमेकऱ्यासारखा, पण निघाला.

बोटं सगळी उलटी. जिथं उजव्याची करंगळी पडायची तिथं डाव्याचा अंगठा. दीड महिन्यापूर्वी हा हात दगड होता. मिनुएटनं त्याला चालायला शिकवलंय. एक भजन हळूहळू, चार ओळी. मग उजवा थकला, हवा गेली. परत. परत हवा गेली.

काशिनाथला फोन केला. म्हणालो, आसन झटकून ठेव.

 तो म्हणाला, "झटकलेलंच हाय रे."

सोम., ३ मार्च

आज बसलो.

दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ सराव केला होता, तरी देवळाच्या पायऱ्या चढताना डाव्याची बोटं हवेत उजळणी करत होती. आसन तिथंच, काशिनाथच्या डाव्या अंगाला. बाकीच्यांनी नुसती मान हलवली. बरं झालं. मंगल माझ्यामागं बसली, श्वे. बायकांत खांबापाशी. मंगलनं इरकलीची पट्टी बांधली. का.नं हातोडीनं तबला काळी एकला मिळवून घेतला.

पहिलं भजन पार पडलं. घाम फुटला, पण पडलं.

दुसऱ्याच्या अंतऱ्यात उजवा संपला. मनगट हलंना. सूर बारीक होत होत गेलाच. माझी बोटं पट्ट्यांवर अन् आवाज न्हाय. गाणारे गात होते, का.नं ठेका सोडला न्हाय. मी मुक्या पेटीवर बोटं फिरवत बसलो. वाटलं, झालं. इथंच संपलं आपलं.

अन् पेटीनं श्वास घेतला. सूर परत आला, पहिल्यापेक्षा मोठा. मान वळवून बघतो तर भात्यावर, माझ्या बांधलेल्या हातावर, मंगलचा हात.

छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं पेटीला हात लावला न्हाय. मी लावूच दिला न्हाय कुणाला. हळूच म्हणालो, "हवा मापात मार."

"गप वाजवा."

वाजवलं. पाच भजनं. दोन ओळींच्या मधल्या जागेत मिनुएटमधला एक उतरता तुकडा आपसूक येऊन गेला. कुणाला कळलं न्हाय. खांबापाशी श्वेतानं डोळे पुसले, तिला कळलं. ते सूर कुणी लिहिले, कुठं लिहिले, मला नाव बी धड घेता येत न्हाय. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी शिकणाऱ्यांसाठी सोपं करून लिहून ठेवलं म्हणून आज मी आसनावर होतो. त्या माणसाचं भलं होवो, कुठं असंल तिथं.

आरती झाल्यावर का. म्हणाला, "आज पेटी डावखोरी वाजली." मग लगेच, "वहिनी, पुढच्या सोमवारी लवकर या."

मला न्हाय इचारलं!

सोम., १७ मार्च

तिसरा सोमवार. उजवा आता अडीच भजनं टिकतो, पुढचं मंगल. ती घरी कणीक मळताना बी लयीत मळायली.

कीबोर्ड समोरच्या खोलीत खिडकीपाशी कायमचा मांडलाय. कपाटावर आता गाद्या. श्वे.च्या शाळेतल्या दोन मुली संध्याकाळी शिकायला येत्यात. त्यांची म्युझेट माझ्या पुढं गेली. त्यांना तीन चांदण्या, मला दोन. तक्रार केली तर म्हणाली, "मामा, तुम्ही अजून तिहाई घेताय."

उ.हा.ची बोटं: काही न्हाय. रोज तेलानं चोळतो. रोज बघतो. तक्रार न्हाय, एवढं दिलंय. पण मिनुएटची वरची ओळ कधी माझ्या हातनं वाजंल का, असं येतं मनात. येतं, खोटं कशाला लिहू.

गुरु., १० एप्रिल

दुपार. लाईट गेलेली, पाचला येईल. श्वेताची शाळा सकाळची, येऊन जेवून ती अन् मंगल आतल्या खोलीत पडल्यात. संतोष दुकानात. बाहेर ऊन नुसतं भाजतंय.

कीबोर्ड मुका. मुका हाय म्हणूनच बसलो, चुकलं तरी कुणाला ऐकू जायचं न्हाय. उ.हा. डाव्यानं उचलून वर ठेवला. मिनुएटची वरची ओळ, पहिला सूर प, करंगळीचा. करंगळी त्या पट्टीवर नीट टेकवली. 'हल' म्हणालो न्हाय. तो हुकूम ऐकत न्हाय, आता कळलंय. डाव्यानं खालची ओळ धरली. नुसती टकटक. पहिली फेरी. दुसरी.

तिसऱ्या फेरीला 'प'ची पट्टी खाली गेली.

करंगळीनं गेली का मनगटाच्या वजनानं, सांगता येत न्हाय. इतकी हळू गेली की लाईट असती तरी आवाज आला असता का, ते बी सांगता येत न्हाय.

श्वेताला हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं. पहाटे पाचला उठते पोरगी. झोपू दे.

वही मांडीवर घेऊन डाव्यानं लिहितोय. उजवा काढला न्हाय. पट्टी अजून खालीच हाय.

घड्याळात चार चाळीस. पंखा फिरला की कळंल, लाईट आली. मग परत एक फेरी, आवाज येतो का बघायला.